या घरात सायकल माझी

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ.
सायकल आली. मितेशने उरणहून स्वतःच्या टेम्पोत घालून श्रीवर्धनपर्यंत आणून दिली. मितेश म्हणजे कॉलेजातला माझा रूम-पार्टनर. आता ट्रेलरचा धंदा करतो आणि उरलेल्या वेळात डोंगरात सायकल चालवतो. ही त्याची जुनी. जुनी त्याच्या दृष्टीने. पुढे सस्पेन्शन, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, हँडलवर किलोमीटर दाखवणारं छोटं मीटर, आणि टायर असे की म्हशीने बघून रस्ता सोडावा.

भाऊ पडवीत अडकित्ता घेऊन बसले होते. (वडिलांना सगळं गाव भाऊ म्हणतं, म्हणून मीही.) म्हणाले, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही, स्टँड नाही. मितेशने तुला अर्धीच दिली. डोंगरातल्या सायकलला यातलं काही नसतं, असं समजावलं. म्हणाले, मग डोंगरात लावायची कुठे?

आश्लेषाने सायकलभोवती एक फेरी मारली. ब्रेक दाबून बघितला, पेडल उलटं फिरवलं, चेनकडे वाकून पाहिलं. बायका अशा वेळी रंगाबद्दल बोलतात. माझी बायको म्हणाली, तुमच्या उंचीला फ्रेम लहान आहे. हे तिच्या डोक्यात कुठून आलं कोण जाणे. मोबाईल फार बघते हल्ली.

असो. या घरात घर भाऊंचं, सुपारीची वाडी भाऊंची, स्कूटर आश्लेषाची, कुत्रा रुचिकाचा. (लेक अलिबागला कॉलेजात, कुत्रा माझ्या उशाशी.) पतपेढीतली खुर्चीसुद्धा पतपेढीची. सेहेचाळीस वर्षांत पहिली वस्तू जी माझी, फक्त माझी.

निश्चय: उद्यापासून पहाटे पाच.

१ डिसेंबर, सोमवार.
पाचला उठलो. गजर बंद केला. सोमवारी सुरू केलेल्या गोष्टी टिकत नाहीत असं कुठेतरी वाचलंय. उद्यापासून.

२ डिसेंबर, मंगळवार.
मंगळवारी भाऊ नवीन काही सुरू करू देत नाहीत. मी हे मानत नाही. पण वडिलांचा मान ठेवला.

४ डिसेंबर, गुरुवार.
गेलो! वाडीच्या मागून सड्यावर, वरच्या कातळाच्या पठारावर, चढणारी जुनी पाखाडी आहे, जांभ्या दगडांच्या पायऱ्यांची. सायकल खांद्यावर घेऊन वर गेलो. या खेळात सायकल खांद्यावर घेणं चालतं. वरून उतरलो. आधी सायकल, मग मी.

डावा गुडघा, उजवं कोपर. हळद लावली. आश्लेषा म्हणाली, उतारावर पुढे वाकू नका, ढुंगण मागे न्यायचं असतं. संध्याकाळी व्हिडिओत बघितलं, तो परदेशी माणूसही तेच सांगत होता. योगायोग.

७ डिसेंबर, रविवार.
मेंटेनन्सचा दिवस. मितेशने सायकलबरोबर चेनला लावायच्या तेलाची एक परदेशी बाटली दिली होती. एवढीशी. वास काही नाही, रंग काही नाही, तोरा मात्र मोठा. ती माळ्यावर टाकली. आपल्या घरी नारळ, आपल्या गावात घाणी. पिढ्यान्पिढ्या केसांना, चपातीला, दाराच्या कडीला, बाळाच्या टाळूला जे तेल चाललं ते एका चेनला चालत नाही? भरपूर खोबरेल लावलं. चेन अशी चमकली की भाऊसुद्धा म्हणाले, लग्नाला निघालीय.

मितेशला फोटो पाठवला. त्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं. आदर.

१० डिसेंबर, बुधवार.
विचित्र गोष्ट. सीट खाली गेलीय. परवा मी ती माझ्या मापाने वर करून पक्की केली होती. आज बसलो तर गुडघे छातीला. सायकल पडवीत उभी, हात कुणी लावलेला नाही. आश्लेषाला विचारलं. तिने विळीवरून मान वर न करता सांगितलं, खाली सरकली असेल.

हवामान. दमट हवेत पकड सैल होते. पुन्हा वर केली.

१४ डिसेंबर, रविवार.
सीट पुन्हा खाली. या वेळी मी शास्त्रीय पद्धत वापरली. माझ्या उंचीला सीटच्या दांड्यावर तांबड्या रंगाने खूण केली. आता सरकली तर कळेल किती.

मीटरही बघितलं. मी समजत होतो त्याच्या कितीतरी पट अंतर झालंय! स्वतःच्या मेहनतीला माणूस नेहमी कमी लेखतो. मला वाटत होतं दोनदाच बाहेर पडलो. एवढी अंगदुखी उगाच नव्हती. पतपेढीत सांगितलं. दोघांनी माझ्या पोटाकडे बघितलं. स्नायू आतून तयार होतात.

१७ डिसेंबर, बुधवार.
सीट खाली. आणि आज लक्षात आलं की माझी तांबडी खूण नळीत बुडालीय आणि तिच्या चार बोटं वर एक गुलाबी खूण आहे, नेलपॉलिशसारखी. ही कंपनीची असणार. इतके दिवस माझ्या नजरेतून सुटली कशी? म्हणजे सीट आपोआप कंपनीच्या मापावर जाते. भारी गाडी घेतली की असे फायदे असतात. पण मी कंपनीचं ऐकणार नाही. माझी उंची मला माहीत.

आश्लेषा सध्या पहाटे वॉकला जाते. जाताना दार इतकं हळू लावते की मला जाग येत नाही. म्हटलं, तुझ्या वॉकमुळे माझा गजर चुकतो. ती म्हणाली, बरं.

२१ डिसेंबर, रविवार. दुपार.
हे कुणाला सांगणार नाही. लिहून मात्र ठेवतो, कारण माझी चूक नव्हती.

ब्रेक ओरडत होते. दाबला की डुक्कर धरल्यासारखा आवाज. भाऊ दुपारी झोपेतून दोनदा दचकून उठले. वस्तू करकरली की तेल लावायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. काल डिस्कला दोन्ही बाजूंनी खोबरेल चोळलं. आवाज एकदम बंद. स्वतःवर खूश होतो.

सकाळी जीवना बंदराकडचा उतार घेतला. आवाज तर नव्हताच, ब्रेकही नव्हता. खाली वळणाशी कोळणींनी जवळा वाळत घातलेला, घरातल्या सतरंजीएवढी एकेक जाळी. पहिली जाळी चाकाने ओलांडली. दुसरीत मी थांबलो. आडवा.

मैना नावाची कोळीण धावत आली. मला वाटलं लागलं का विचारेल. म्हणाली, अवं सायकलवाले, जवला हाय तो, गादी न्हाय! मग मात्र हात धरून उठवलं, पाणी दिलं, आणि माझ्या अंगाला चिकटला होता तेवढा जवळा निवडून परत जाळीवर टाकला. पिढ्यान्पिढ्या आमच्या घरात मासळीचा काटा आलेला नाही. आज मी आलो, नखशिखांत.

भाऊंनी पुढल्या दाराने घेतलं नाही. विहिरीकडून ये म्हणाले. आश्लेषा खिडकीत तोंडाला पदर लावून उभी होती. वासामुळे असणार.

मितेशला फोन केला. त्याला खोकल्याची उबळ आली. मग म्हणाला, भावा, ब्रेकला तेल न्हाय लावत रे. मग आधी सांगायचं होतं.

२२ डिसेंबर, सोमवार.
पतपेढीत गेलो तर मागून दोन मांजरं. काउंटरपाशी बसून राहिली. मॅनेजरसाहेबांनी खिडकी उघडायला सांगितली. मी नजरेला नजर दिली.

२८ डिसेंबर, रविवार.
ब्रेक पुन्हा ओरडायला लागला आणि लागायलाही लागला. आपोआप! आतले पॅड पॉलिश पेपरने घासल्यासारखे खरखरीत दिसतायत. मोकळ्या हवेत तेल उडून गेलं असावं. आणखी एक. जखमेला लावायची स्पिरिटची बाटली रिकामी आहे. भाऊंना विचारलं. ते म्हणाले, मी पीत नाही.

या आठवड्यात बाहेर पडलो नाही. मनाची तयारी चालू आहे. मीटर मात्र वाढतंच आहे. म्हणजे मी बाहेर पडलो होतो आणि इतक्या सहजपणे की आठवतही नाही. मोठ्या खेळाडूंचं असंच होत असावं.

१ जानेवारी, गुरुवार.
नवं वर्ष, घरात वाद. सुपारी सोलून झाली, पोती पडवीत ठेवायची, तिथे सायकल. भाऊ म्हणाले, चालवत नाहीस तर मितेशला परत कर. मी म्हटलं, चालवत नाही कोण म्हणतं, मीटर बघा. भाऊ म्हणाले, चाक फिरलं एवढं मीटरला कळतं. कोण फिरवतं ते मीटरला कुठे कळतंय? म्हातारपणी माणूस काहीही बोलतो.

आठ फेब्रुवारीला मितेशची सायकलवाली मंडळी आपल्याकडे शर्यत घेतायत. किनारा, मग घाटी चढून सडा, मग पाखाडी उतरून परत किनारा. मी तिथल्या तिथे ठराव मांडला. पतपेढीत एकवीस वर्षं ठराव लिहितोय, भाषा हातात बसलीय:

'या घरातील जो कोणी सदर शर्यतीची अंतिम रेषा सायकलवर बसून ओलांडील, सायकल कायमची त्याची. कोणीच न ओलांडल्यास सायकल मितेशला परत.'

भाऊ म्हणाले, 'जो कोणी' कशाला, सरळ 'अजेय' लिही की. मी समजावलं, ठरावात नाव घालत नसतात. आश्लेषाने विचारलं, 'जो' म्हणजे नक्की कोण? मी म्हटलं, अगं, आम्ही 'जो सभासद' लिहितो त्यात सगळेच आले, पुरुष काय नि बायका काय. भाषेची पद्धत आहे ती. ती म्हणाली, असं होय.

सूचक मी. अनुमोदक आश्लेषा. इतक्या चपळाईने तिने आजवर माझ्या कशालाच अनुमोदन दिलेलं नाही. लग्नानंतर बावीस वर्षांनी का होईना, बाई पाठीशी उभी राहिली. ठराव सर्वानुमते मंजूर.

आता माघार नाही. सायकल जाऊ देणार नाही म्हणजे नाही.

५ जानेवारी, सोमवार.
पाचला गजर. साडेसातला उठलो. झोप हा ट्रेनिंगचाच भाग आहे.

९ जानेवारी, शुक्रवार.
थंडी. सकाळी चेन बघितली तर पांढरी. न्हाणीघरातल्या बाटलीतलं खोबरेल थिजतं तसं थेट चेनवर थिजलेलं. पेडल फिरवलं की मऊसर आवाज येतो. उन्हात ठेवली, मग मुंग्या आल्या. मुंग्या म्हणजे तेल शुद्ध असल्याचा पुरावा.

संध्याकाळी आलो तर चेन लख्ख, कोरडी, काळी. मुंग्यांनी साफ केली. निसर्ग स्वतःची काळजी घेतो. त्या परदेशी बाटलीची आठवण झाली म्हणून माळ्यावर चढलो. बाटली अर्धी. हे तेल तर बंद झाकणातून उडून जातं! आणि हा माल लोक पैसे देऊन घेतात.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.
मितेशचा फोन. चाळिशीवरच्या गटात पुण्याहून डॉक्टर लोक येतायत, मांड्या खांबासारख्या. पण त्याने एक जोडी गट ठेवलाय. नवरा-बायको, सायकल एक, कुठला टप्पा कुणी चालवायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. तिथे फक्त तीन जोड्या. भावा, वैनीला घे, म्हणाला. वैनीला घे, असं दोनदा म्हणाला.

डावपेच म्हणून मला पटलं. किनाऱ्यावरचा सपाट टप्पा आश्लेषाला देतो, लोटत नेली तरी चालेल. घाटी, सडा, पाखाडी, अंतिम रेषा, सगळं मी. तिळगूळ देता देता तिला विचारलं. म्हणाली, तुम्ही म्हणताय तर येते. भाऊंना चहाचा ठसका लागला.

आता तिला शिकवायला हवं.

१८ जानेवारी, रविवार.
किनाऱ्यावर आश्लेषाचा पहिला धडा. ओहोटी, वाळू टणक. मी आधी पंधरा मिनिटं तोल म्हणजे काय ते सांगितलं. ती गप्प ऐकत होती, ओठ घट्ट मिटून. भीती. म्हटलं, घाबरू नकोस, मी सीट धरून पळतो. ती म्हणाली, धरू नका, डुगडुगते.

धरून पळालो. थोडं अंतर गेल्यावर हातात सीट नव्हती. ती सरळ गेली ती पार टोकाच्या खडकापर्यंत, तिथे वळली, परत आली. येताना एका हाताने केस सारखे करत होती! ताबडतोब सांगितलं, दोन्ही हात हँडलवर. शिस्त ती शिस्त. म्हणाली, बरं, सर.

पहिल्याच दिवशी! बायका म्हणतात, नवरा कधी काही शिकवत नाही. शिकवणारा असावा लागतो.

मी जागेवर बसून श्वास घेत असताना मैना टोपली घेऊन तिथून गेली. आश्लेषाकडे बघून म्हणाली, ताय, आज उशीर केलास? मासळीवाल्यांना सगळे सारखेच दिसतात.

२५ जानेवारी, रविवार.
घाटी चढायचा सराव. पहिल्या वळणापर्यंत गेलो. तिथे वडाखाली पार आहे, तिथून समुद्र दिसतो. निसर्ग न बघता पुढे जाणाऱ्या माणसांबद्दल मला कीव वाटते. बघत बसलो. खाली आलो.

१ फेब्रुवारी, रविवार.
पुन्हा वडापर्यंत. हाच माझा वेग. उरलेलं शर्यतीच्या दिवशी अंगात येतं, ईर्षा म्हणतात त्याला. भाऊ म्हणाले, देव येतो अंगात, ईर्षा नाही येत. त्यांना म्हटलं, बघाच.

पण आज रात्री जेवताना सायकलकडे नजर गेली आणि हातातला घास परत ताटात ठेवला. मितेशला परत दिली तर? पडवीत पोती येतील. मी पुन्हा घर-पतपेढी-घर. भाऊंचा मुलगा, आश्लेषाचे मिस्टर, रुचिकाचे बाबा. गावात पोरं मला बघून सायकलवाले काका म्हणायला लागली होती. (जवळेवाले पण म्हणतात, पण सायकलवाले आधी.) ते नाव जाऊ देणार नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळ.
शेवटची सर्व्हिस. चेन फार कोरडी वाटली. कुणी काही म्हणो, खोबरेलची एक संपूर्ण वाटी. चेन, गिअर, चक्र, सगळीकडे. डिस्कला लावलं नाही. मी शिकणारा माणूस आहे. टायरमध्ये माझ्या नव्या पंपाने हवा भरली. सीट माझ्या तांबड्या खुणेवर.

आश्लेषाने बघितलं. काहीतरी बोलणार होती. मी हात वर करून थांबवलं. शर्यतीच्या आदल्या दिवशी खेळाडूशी बोलू नये.

८ फेब्रुवारी, रविवार. रात्र.
जे झालं ते क्रमाने लिहितो. आरोप कुणावर नाही.

सकाळी किनारा फुललेला. चेन पांढरी होती, पण मी चपळाईने ऊन दाखवलं. आश्लेषाने निघताना सीट खाली केली. म्हटलं, कंपनीची खूण आहे तिथे थांबेल बघ. तिने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं.

शिट्टी झाली. ती निघाली. मी टेम्पोतून घाटीच्या पायथ्याशी जाऊन थांबलो. जोड्यांमध्ये पहिली आली. पहिली! अर्थात, सपाट टप्पा. टाळ्या वाजवणाऱ्यांना मी सांगितलं, तीन आठवड्यांपूर्वी हिला बसताही येत नव्हतं. सीट वर केली, निघालो.

पण तोवर ऊन चढून खोबरेल पातळ झालं होतं आणि अख्ख्या किनाऱ्याची वाळू त्यात येऊन बसली होती. चेन दळण दळल्यासारखी वाजायला लागली. गिअर हलेना, अडकला तो सगळ्यात जड गिअरवर. तरी मी सोडलं नाही. उभं राहून रेटलं. मग उतरून रेटलं. माझ्या शेजारून दोन जोड्या गेल्या, मग एक म्हातारी लाकडाची मोळी घेऊन गेली. वडापाशी पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे होते. पारावर बसलो. फक्त यंत्राची पाहणी करायला.

मागून आश्लेषा चालत आली. पायथ्यापासून चालत. दमलेली नव्हती. माझा चेहरा बघितला, पाणी दिलं, बरं वाटतंय ना, असं दोनदा विचारलं. मग कमरेच्या पिशवीतून एक जुनं फडकं काढलं. चेन पुसली, कड्या एकेक करून, वाळू बोटाने काढली. मग पिशवीतून ती परदेशी बाटली काढली. माझी, माळ्यावरची. चार थेंब. पेडल फिरवलं, गिअर खट् करून बसला. सीट खाली केली, गुलाबी खुणेवर. न बघता, नुसत्या बोटाने.

तेव्हा मला समजलं. एकदम नाही. आधी बाटली समजली, मग ब्रेक, मग मीटर. मीटर समजलं तेव्हा फार वाईट वाटलं.

ती म्हणाली, अहो, मी जाऊ? मी म्हटलं, यंत्र तपासायला थोडं पुढे नेऊन बघ. एवढंच म्हटलं. ती निघाली. पहिल्या वळणापलीकडे मी कधी गेलो नव्हतो, तिथून ती मागे न बघता वळली आणि दिसेनाशी झाली.

मला खाली आणायला मैनाचा टेम्पो मिळाला. मागे सुक्या जवळ्याच्या टोपल्या, मध्ये मी. मैना म्हणाली, या, तुमची तं वलख हाय आता जवल्याशी. वाटेत सांगत होती की ताय रोज पहाटे बंदरावरून जाते, दिवाळी झाल्यापासून. दिवाळी नाही, डिसेंबर, असं मी दुरुस्त केलं. निदान तारीख तरी बरोबर हवी.

पोचलो तेव्हा आश्लेषा पाखाडी उतरत होती. पायऱ्यांवरून, बसून नाही, पेडलवर उभी, अंग मागे घेतलेलं. लोक ओरडत होते. रेषा ओलांडली ती सायकलवर बसून. जोड्यांमध्ये दुसरी. मी नीट बघितलं, पाय कुठे टेकतो का. टेकला नाही.

मितेश भोंग्यावर ओरडला, आश्लेषा वैनी! वैनी जिंकली रे! (दुसरी आली होती.) आनी आपला दादूस कुटं हाय? मी टेम्पोतून हात वर केला. सगळे वळून बघायला लागले. मांजरंही होती.

तिचं तोंड लाल मातीने भरलेलं होतं आणि ती हसत होती. असं हसताना मी तिला कधी बघितलंय का, ते आठवत बसलो. आठवलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार.
रजा टाकली. अंग दुखतंय.

घरी वाद घातला. म्हटलं, ठरावात 'जो' आहे. 'जो' पुल्लिंगी. भाऊंनी अडकित्ता बाजूला ठेवून सांगितलं, 'जो' मध्ये सगळेच येतात, पुरुष काय नि बायका काय, भाषेची पद्धत आहे. शब्दन् शब्द माझाच. म्हातारपणी स्मरणशक्ती जाते म्हणतात, ते खोटं.

मग आश्लेषाला विचारलं, तू शिकलीस कधी? ती म्हणाली, म्हसळ्याच्या शाळेत वरच्या वाडीवरून जायची, काकांच्या दांडीच्या सायकलने. रोज घाटी उतरायची, रोज चढायची. लग्न झाल्यावर ती सायकल भंगारात गेली. तुम्ही ही आणलीत त्या आठवड्यात सहज वाडीत एक फेरी मारून बघितली. मग राहवेना.

म्हटलं, मग किनाऱ्यावर मी शिकवत होतो तेव्हा बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही एवढ्या हौसेने सांगत होतात. आणि त्याआधी, बावीस वर्षांत? ती म्हणाली, तुम्ही कधी विचारलंत?

मी उठलो आणि टायरमधली हवा तपासून आलो. बरोबर होती.

१५ फेब्रुवारी, रविवार. सकाळ.
पाचला उठलो. गजर नव्हता. आश्लेषा मितेशच्या मंडळींबरोबर दिवेआगरला जाणार होती, टायरमध्ये हवा कमी आहे म्हणाली. भरून दिली. ती म्हणाली, किती छान भरता, मागचं टायर जरा जास्त लागतं हं. कुत्राही तिच्या मागे फाटकापर्यंत गेला.

मी पडवीत बसलोय. नेहमीच्या जागेवर सुपारीची पोती. भाऊंना विचारलं, पुढल्या रविवारी ती मला देईल का सायकल? म्हणाले, विचारून बघ, सीट मात्र हलवू नकोस.

परिस्थितीचा आढावा. घर भाऊंचं. वाडी भाऊंची. स्कूटर आश्लेषाची. कुत्रा रुचिकाचा. सायकल आश्लेषाची, तीही माझ्याच ठरावाने, माझ्याच अक्षरात. पण पंप मी आणलाय. माझ्या पगारातून, माझ्या पसंतीने. त्यावर कुणाचाही काडीचा हक्क नाही, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगायला तयार आहे.

ठराव: पंप माझा.

भाऊंकडे अनुमोदन मागितलं. त्यांना झोप लागली होती. तरीही मंजूर.